सातव्या चौकटीतली खरचुडी

पिंपळगाव रेणुकाईच्या उत्तरेला जो उंचवटा आहे, त्याला डोंगर म्हटलं तर खऱ्या डोंगरांनी हसावं आणि टेकडी म्हटलं तर गावानं भांडायला उठावं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकशे साठ मीटर, त्याहून वीतभरही जास्त नाही. माथ्यावर झाड नाही, नुसता काळा उघडा खडक आणि खडकाच्या खाचांमध्ये मूठ-मूठ माती. म्हणून लोक त्याला टकल्या म्हणतात. गावातल्या शहाण्या माणसांचं टकल्यावर काही काम नसतं. राधाकिसनचं मात्र सगळं काम तिथंच. यावरून त्याच्याविषयी गावाचं काय मत असेल ते ओळखावं.

राधाकिसन मेंढपाळाचा मुलगा, मेंढपाळाचा नातू आणि स्वतः सव्वीस मेंढ्या व तीन शेळ्यांचा धनी. शेळ्या त्याला धनी मानत नसत, ही गोष्ट वेगळी. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. नक्की किती ते आधार कार्डाला माहीत, आणि आधार कार्डावर त्याचा विश्वास नव्हता. सगळा जन्म उतारावर गेल्यानं त्याचा डावा पाय कायम थोडी उंच जागा शोधत असे. भोकरदनच्या डांबरी रस्त्यावरून तो चालायला लागला की पाहणाऱ्याला वाटे, गडी सकाळीच घेऊन आलाय. तोच टकल्यावर चढला की असा सरळ दिसे की गवंड्यानं ओळंबा लावून उभा केलाय.

पावसाचा अंदाज तो रोज सांगायचा आणि तो रोज चुकायचा. तरी गाव विचारायचंच. तो म्हणेल त्याच्या बरोब्बर उलट धरून चाललं की फसवणूक होत नाही, असा मच्छिंद्रचा दावा होता. मच्छिंद्र म्हणजे राधाकिसनचा शाळेपासूनचा दोस्त आणि तेव्हापासूनचाच वैरी. टकल्याच्या पायथ्याची सहा एकर जमीन त्याची, विहीर त्याची, कांदाचाळ त्याची. एका बियाणे कंपनीसाठी तो कांद्याचं बी पिकवायचा आणि त्यामुळे आपल्याला वनस्पतिशास्त्र येतं असं समजायचा. मेंढपाळ शेतकऱ्याकडून अक्कल घेत नाही आणि शेतकरी मेंढपाळाला अक्कल आहे असं धरत नाही. या पायावर दोघांची मैत्री पन्नास वर्षं टिकून होती.

तर अशा या राधाकिसनकडे पाच वर्षांपूर्वी भाद्रपदात विद्यापीठातून एक मुलगी आली. नाव आकांक्षा. डोक्याला हॅट, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग, हातात पांढऱ्या पाइपची एक चौकट, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद. तिला टकल्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सात उंचींवर ही चौकट ठेवायची होती आणि आत काय काय उगवलंय ते मोजून लिहायचं होतं. दर वर्षी, त्याच दिवसांत, त्याच जागी. हेच काम ती जून-जुलैत हिमालयात करायची, जिथं झाडं उगवायची थांबतात त्याच्याही वर. आणि तिथून उतरली की इथं टकल्यावर. एखाद्या पैलवानाचं वजन करून तोच काटा कुणी कोंबड्याखाली ठेवावा तशी ही गोष्ट झाली. पण तिच्या सरांना कोंबड्याचंही वजन हवं होतं. चौकट उचलायला, वाट दाखवायला आणि शेळ्या हाकलायला तिला माणूस पाहिजे होता. शेळ्या राधाकिसनच्याच होत्या, तेव्हा तिला दुसरा माणूस परवडलाही नसता.

"काका, या झुडपाला तुम्ही काय म्हणता?" तिनं पहिल्याच चौकटीत विचारलं.

"आमी काय बी म्हणलो तरी ते कुठं ऐकून राह्यलं?"

"नाव विचारतेय मी."

"मंग नाव विचारा ना. टाकळा हाय तो."

दुपारपर्यंत राधाकिसननं बावन्न नावं सांगितली आणि आकांक्षानं बावन्न वेळा मान हलवली. संध्याकाळी तिनं त्याला कामाचा नियम सांगितला. तो एकच होता. चौकटीच्या आत हात घालायचा नाही. तण उपटायचं नाही, दगड हलवायचा नाही, खत-पाणी घालायचं नाही. जे आहे ते मोजायचं आणि उठायचं.

"म्हंजे पंचनामा," राधाकिसन म्हणाला. "तलाठी येतो, पीक मेलं का बघतो, लिहितो न् जातो. पिकाला कोणी काही विचारीत न्हाई."

"तसंच समजा," आकांक्षा म्हणाली. "आपण हात घातला तर जे लिहू ते डोंगराचं राहणार नाही, आपलं होईल."

राधाकिसनला हा नियम माणुसकीला धरून वाटला नाही. पण रोज मिळणार होता, चहा मिळणार होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारून कागदावर लिहून घेत होतं. त्यानं नियम मान्य केला.

सातव्या चौकटीत, थेट माथ्यावर, खरचुडी होती. शहरात तिला कंदीलपुष्प म्हणतात आणि फोटो काढतात. टकल्यावर ती म्हणजे खडकाच्या खाचेतून उठलेला बारीक वेल, त्याला बोटाएवढं हिरवट-जांभळं फूल, कंदिलासारखं फुगलेलं. त्यात चिलटं शिरतात आणि आतल्या केसांमुळे त्यांना बाहेर येता येत नाही. दुसऱ्या दिवशी केस सुकतात तेव्हा सुटका होते. राधाकिसनची बायको गोपिकाबाई म्हणायची, "सासर हाय ते. फक्त चिलटाला दुसऱ्या दिवशी सोडत्यात." जमिनीत तिचा कंद असतो, चपट्या बटाट्यासारखा. मेंढरांमागे हिंडणारी माणसं तो कच्चा खातात.

राधाकिसनच्या घरात या कंदाचा एक रिवाज होता. नवी सून पहिल्यांदा मेंढरांबरोबर टकल्यावर आली की सासूनं दोन कंद उकरायचे. एक सुनेनं खायचा, दुसरा सुनेनं स्वतःच्या हातानं परत लावायचा. खाल्लं म्हणजे ती टकल्याची झाली. लावलं म्हणजे टकल्या तिचा झाला. गोपिकाबाईनं चाळीस वर्षांपूर्वी तो कंद खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि सासूला म्हणाली, "आमच्याकडं याच्यापेक्षा बटाटा बरा असतो." सासूनं ते शेवटपर्यंत मनात ठेवलं. पण दुसरा कंद गोपिकाबाईनं लावला तो असा, की सासूलाही खोट काढता आली नाही.

राधाकिसनच्या आज्याच्या वेळी खरचुडी पायथ्याच्या बांधावर उगवायची. बापाच्या वेळी अर्ध्या चढावर. पुढं बांधावर मका आला आणि अर्ध्या चढावर टाकळा, आणि ती वर वर सरकत गेली. "ऊन वाढलं की माणूस गच्चीवर झोपायला जातं, तशी गेली ती," गोपिकाबाई म्हणायची. त्यांचा मुलगा ओमप्रकाश लग्न करून जालना शहरातून शालूला घेऊन आला, तोवर खरचुडी फक्त माथ्यावर उरली होती. तेव्हा गोपिकाबाईनं सुनेला वर नेलं, वेल मोजले आणि रिकाम्या हातानं खाली आणलं.

"बरं झालं," शालू म्हणाली. ती शहरातली, तिला कच्चं काही खायची हौस नव्हती.

"तुला न्हाई मिळाला म्हणून खुश होऊ नको," गोपिकाबाई म्हणाली. "पन्नास होऊ दे. पन्नास झाल्या की पहिला कंद तुझ्या तोंडात कोंबते का न्हाई बघ."

आकांक्षानं मोजल्या तेव्हा पहिल्या वर्षी त्या तेवीस होत्या. दुसऱ्या वर्षी एकोणीस. त्यानंतरच्या मे महिन्यात गोपिकाबाई गेली. मेंढ्या अर्ध्या चढावर होत्या, दुपारचे दोन, पारा चव्वेचाळीसच्या वर, आणि ती बसली ती उठेना. पाणी पाहिजे म्हणाली. बाटलीतलं संपलं होतं. राधाकिसन मच्छिंद्रच्या विहिरीवर पळाला. उतारावर त्याच्याइतकं कुणी पळत नाही. त्या दिवशी तो दोनदा पडला. घागर घेऊन वर आला तेव्हा तिला पाणी नको झालं होतं.

त्यानंतर खरचुडीचा आकडा राधाकिसन स्वतः मोजायचा. बोटानं, आकांक्षाच्या आधी. पंधरा. मग अकरा. गेल्या वर्षी सात.

गेल्या वर्षी सातव्या चौकटीजवळ बसून आकांक्षानं त्याला मोबाइलवर हिमालयातली फुलं दाखवली. बर्फाच्या कडेला, दगडांत, लोकरीसारखी लव पांघरून बसलेली गोल गोल झाडं.

"हे तर मेंढरू हाय," राधाकिसन म्हणाला. "तिथं मेंढ्या नेता येत न्हाईत म्हणून झाडांनीच लोकर घातली का काय?"

"थंडीसाठी घातलीय. आणि आता थंडीच कमी होतेय, काका. खालची झाडं वर चढायला लागलीत आणि ही वरची आणखी वर. हवा एका अंशानं तापली की पूर्वीचा गारवा गाठायला झाडाला साधारण दीडशे मीटर वर जावं लागतं."

राधाकिसननं बोटांची पेरं मोजली. हिशोबात तो कच्चा, पण हा हिशोब मेंढरं मोजण्यासारखा सोपा होता.

"टकल्या एकशे साठ," तो म्हणाला.

"हो."

"मंग एका अंशात डोंगर खलास."

"हिमालयात अजून थोडा डोंगर शिल्लक आहे. पण तिथंही शेवटी शिखरच येतं. त्याच्यावर जागा नसते. हां, इथं नुसती हवाच कारण आहे असं मी म्हणणार नाही. चराई आहे, उकरणं आहे, नांगर वर चढतोय."

राधाकिसननं मान मागं टाकून वर पाहिलं. वर एक घार होती. घारीच्या वर काही नव्हतं.

त्या रात्री त्याला झोप आली की नाही माहीत नाही, पण पुढच्या गुढीपाडव्याला त्यानं मच्छिंद्रच्या विहिरीवर तेलाचे दोन पाच-पाच लिटरचे कॅन भरले, काठीला दोन्हीकडे अडकवले आणि काठी खांद्यावर टाकून टकल्यावर निघाला. सातव्या चौकटीत तेव्हा काहीच दिसत नव्हतं. पावसाळा संपला की वेल सुकून जातो आणि कंद जमिनीत पडून राहतो. पण जागा त्याला पाठ होत्या. सात जागांवर त्यानं बेतानं, पेल्यानं पाणी घातलं. आकांक्षाचा नियम त्याला आठवला नाही असं नाही. पण पंचनामा करणारा आपल्या बायकोचा पंचनामा करत बसतो का, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्याला कुणी देण्याची गरज नव्हती.

मग रोज. दिवस उतरला की दोन कॅन. गावाला उन्हाळ्यात करमणूक कमी असते. राधाकिसननं ती भरून काढली. चहाच्या हॉटेलात त्याची वाट पाहत लोक बसू लागले.

"राधाकिसन, टकल्यावर केस उगवले का?"

"तुमच्या डोक्यात अक्कल उगवायच्या आधी उगवतील."

मच्छिंद्र विहिरीवर उभा राहून त्याला कॅन भरू द्यायचा आणि वर टोमणाही मारायचा. स्वतःच्या बियाण्याच्या कांद्याला मोजून पाणी देणारा माणूस, पण या दहा लिटरला त्यानं कधी नाही म्हटलं नाही.

"पाणी ने बाबा, पाण्याला न्हाई म्हणत न्हाई मी. पण कंद हाय ना तो? झोपलेल्या कंदाला पाजून राह्यला तू. माझ्या चाळीतल्या कांद्यावर एकदा पाणी पडलं तर काय होतं, बघितलं न्हाई का?"

"तुझा कांदा बाजारात विकायचा असतो. त्याला सडायचीच घाई. ही डोंगराची हाय."

"डोंगराची असली म्हणून काय पोहता येतं का तिला?"

विहिरीवरचे लोक हसले. राधाकिसननंही हसून घेतलं आणि काठी खांद्यावर घेतली. मच्छिंद्र आयुष्यात एखाद्या वेळी खरं बोलला तर ते ओळखायचं कसं, याची सोय दोघांच्या मैत्रीत नव्हती.

घरात शालूचं वेगळंच. टँकर दोन दिवसांआड यायचा.

"मामा, प्यायला दोन घागरी घरात, न् तुमी दगडाला पाजून राह्यले."

"घरातलं कुठं नेतो? मच्छिंद्रचं नेतो."

"पण भाकर तर घरातली खाता. तेवढ्या चढानं दोन भाकरी जास्त लागत्यात तुम्हाला."

शालूचं तोंड असं. पण वैशाखात राधाकिसनला ताप भरला, तीन दिवस उठता येईना, तेव्हा तो पहिल्या संध्याकाळी उठून भिंत धरून उभा राहिला आणि काठी शोधू लागला. काठी जागेवर नव्हती. शालूही घरात नव्हती. अंधार पडता पडता ती परत आली, तोंड लालबुंद, पदर कमरेला, रिकामे कॅन हातात.

"कुठल्या जागा ते माहीत तरी होतं का तुला?" त्यानं विचारलं.

"सासूबाईंनी दाखवल्या होत्या," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. तिन्ही दिवस तीच गेली. त्याविषयी पुन्हा कुणी बोललं नाही.

मे महिन्याच्या शेवटी सातव्या चौकटीत हिरवं दिसलं. राधाकिसन टकल्यावरून असा उतरला की मेंढ्या मागं राहिल्या. हॉटेलात त्यानं सगळ्यांना चहा पाजला. मच्छिंद्रला साखर जास्त टाकायला सांगितली. चार दिवसांनी त्या हिरव्याला पानं फुटली आणि ते गाजरगवत निघालं. मच्छिंद्र पंधरा दिवस हसत होता; जेवताना आठवण आली तर घास बाजूला ठेवून हसत होता. राधाकिसननं ते गवत उपटून टाकलं आणि मनात धरलं, पाणी तर लागू पडतंय. जे पाहुण्याला लागू पडलं ते घरच्याला पडणारच.

जूनमध्ये पाऊस आला. टकल्या हिरवा झाला. एरवी आषाढ लागायच्या आत खरचुडी डोकं वर काढते. आषाढ गेला. राधाकिसन रोज वर जाऊन बसायचा आणि खाली येऊन काही सांगायचा नाही. लोकांनी विचारायचं सोडलं. मच्छिंद्रनंही सोडलं, तो हुशार माणूस होता. "सगळा उन्हाळा पोटभर प्यायल्यात," राधाकिसन शालूला म्हणाला. "पोट भरलेलं लेकरू उशिरा उठतं." श्रावण गेला. पोळा झाला.

भाद्रपदात आकांक्षा आली. हिमालयातल्या उन्हानं नाक सोललेलं, बॅग तीच, चौकट तीच. पहिल्या सहा चौकटी त्यांनी दीड दिवसात उरकल्या. टाकळा पाचवीत पोचला होता. राधाकिसन नावं सांगत होता, ती लिहीत होती. पण तो दर वर्षीसारखा नावाबरोबर त्या झाडाची निंदानालस्ती करत नव्हता. सातवीकडे जाताना तो तिच्या मागे चालला. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिनं चौकट ठेवली. खाली वाकली. मग वर पाहिलं.

"काका, खरचुडी?"

"झोपल्यात."

"अजून?"

"यंदा मी पाणी घातलं ना त्यांना." आणि मग त्याला राहवलं नाही. पाच महिने जपून ठेवलेली बातमी होती ती. "पाडव्यापासून. रोज दोन कॅन. एक दिवस खाडा न्हाई. मिरगापर्यंत. एवढं ऊन होतं पोरी, दगडावर पाय टेकवत न्हाई असं. पण माती मी सुकू दिली न्हाई. बिलकुल न्हाई. तुमचा नियम मोडला, रागवायचं तर रागवा."

आकांक्षा रागावली नाही. ती खडकावर बसली. उभ्या डोंगरात तिला काही दिसलं की लगेच विचारायची, या मुलीचं तोंड कधी बंद नसायचं. आणि आता ती आपल्या बुटांकडे पाहत बसली. त्यावरूनच राधाकिसनला कळलं. काय कळलं ते त्याला अजून कळलं नव्हतं.

त्यानं कमरेचं खुरपं काढलं.

"काका, नका उकरू. एखाद्या वर्षी कंद नुसता पडून राहतो. पुढच्या वर्षी वर येतो. खरंच येतो."

राधाकिसन गुडघ्यावर बसला आणि पहिल्या जागेची माती त्यानं खुरप्यानं नाही, बोटांनीच बाजूला केली. कंद होता. साल शाबूत होती. त्यानं अंगठा टेकवला आणि अंगठा आत गेला. आत तपकिरी पाणी होतं. वास आला, आणि तो वास त्याला अनोळखी नव्हता. मच्छिंद्रच्या चाळीच्या मागे पावसाळ्यात सडके कांदे टाकतात, तिथून जाताना तो दर वर्षी नाकाला धोतर लावायचा.

"उन्हाळ्यात त्याला पाणी नको असतं का?" त्यानं विचारलं.

आकांक्षा बुटाची नाडी सोडून परत बांधू लागली.

"सांग ना."

"नको असतं, काका. उन्हाळाभर तो कोरडाच झोपतो. तसाच जगतो."

राधाकिसननं दुसरी जागा उकरली नाही. नुसता अंगठा दाबून पाहिला. माती खचली. तिसरी. चौथी. प्रत्येक जागी माती बोटभर आत गेली, तशी बसलेल्या थडग्याची जाते. सहावीही. सातव्या जागी अंगठ्याला खाली काहीतरी टणक लागलं. त्यानं हात असा मागे घेतला की विस्तवाला लागला असावा.

"दगड असंल," तो म्हणाला.

"असेल. नसेलही."

दोघांनी ते तपासून पाहिलं नाही.

आकांक्षानं वही उघडली. सातवी चौकट, खरचुडी, शून्य. पुढे शेऱ्यासाठी जागा होती. तिनं काहीतरी लिहिलं. राधाकिसनला वाचायला वेळ लागायचा, पण वाचता यायचं. त्यानं वही आपल्याकडे वळवली आणि एकेक अक्षर ओठांनी उच्चारत वाचलं. अति उष्णता.

"हे खोडा."

"काका, ते खोटं नाहीये. तेवीसच्या सात तुम्ही केल्या नाहीत."

"सातच्या शून्य तर मीच केल्या ना?"

"सातच राहिल्या नसत्या तर तुम्ही पाणी घातलंच नसतं."

"ते तुमचं शास्त्र झालं. तुमीच म्हणल्या होत्या, हात घातला तर लिहिलेलं डोंगराचं राहत न्हाई. मी हात घातला. आता डोंगराच्या नावावर लिहू नका. माझं नाव लिहा."

तिनं खोडलं. राधाकिसन यांनी उन्हाळ्यात पाणी घातले, असं लिहिलं. मग कामाची माणूस म्हणून, नोंद पुरी असावी म्हणून, तिनं विचारलं, "रोज तुम्हीच? मध्ये कधी दुसरं कुणी?"

खाली गावात दुपारची चूल पेटली होती. आपल्या घराचा धूर त्याला शंभर घरांत ओळखू येतो.

"न्हाई," राधाकिसन म्हणाला. "मीच."

"एकही दिवस—"

"मीच म्हणलो ना. दुसऱ्याला जागा माहीत न्हाईत."

तिनं लिहिलं. "का घातलं, ते पण लिहू?" तिनं हळूच विचारलं.

"तेवढ्याला कागद पुरायचा न्हाई," तो म्हणाला आणि चौकटीवर वाकला. "चला. बाकीचं तर मोजावं लागंल. कुसळी लिहा, अकरा. बारकं तेरडं, चार. न्हाई, थांबा, पाच."

तो मोजत गेला. आकांक्षा मान वर न करता लिहीत गेली. सातव्या जागेवरून त्याचा हात दोनदा गेला आणि दोन्ही वेळा वीतभर वरून गेला.

संध्याकाळी मेंढ्या वाड्यात कोंडून तो ओसरीवर बसला. ओमप्रकाश जालन्याहून यायचा होता. शालूनं ताट पुढे ठेवलं आणि तशीच उभी राहिली.

"आल्या का?"

"न्हाई."

"एक बी न्हाई?"

"ऊन लई होतं यंदा."

शालू उंबऱ्यावर बसली. ती कधी अशी बसायची नाही. तिला कायम पुढचं काम असायचं. "तुमी आजारी होते तेव्हा मी घातलं ते कमी पडलं का? पहिल्या दिवशी माझ्याकडून अर्धा कॅन वाटेतच सांडला होता. तुम्हाला बोलले न्हाई मी."

"न्हाई, न्हाई. तू बराबर घातलं होतं."

"मंग पुढच्या साली होळीपासूनच सुरू करू. मी पण एक कॅन नेत जाईन. एखादी राह्यली असंल खाली."

राधाकिसननं भाकरी मोडली. भाजी तिखट होती, तो तिखटाचाच माणूस, तरी डोळे भरले त्याचं खापर त्यानं भाजीवर फोडलं.

"आता बिलकुल हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "पाणी न्हाई, काही न्हाई. म्याडमनी सांगितलंय. नियम हाय त्यांचा."

"म्हंजे तहानेनं मरू द्यायच्या?"

"तसंच."

"कसली दगडाची बाई हाय ओ ती," शालू म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता आणि त्याचा तिला राग आला होता. "दर साली येती, मोजती न् जाती. तिला काही वाटत बी न्हाई का?"

ज्या मुलीनं उतरताना टकल्याच्या अर्ध्या चढावर चौकट खाली ठेवून, चेहऱ्याला रुमाल लावून, शेळ्या बघायच्या निमित्तानं पाठ फिरवली होती, तिच्या बाजूनं एक शब्दही राधाकिसननं काढला नाही.

"लई कडक हाय," तो म्हणाला, आणि शालूला आणखी भाकरी मागितली.